दोष म्हणे रंजीताच्या हाताचा

खोट गाडीत होती, रंजीताच्या हातात नाई. हे पयलेच सांगून टाकतो, नाई तर अर्धे लोक शेवटपर्यंत मनात तेच धरून बसतीन.

रंजीता लेनगुरे आमच्या गावची, मूल तालुक्याच्या धानपट्ट्यातली. नानाजी लेनगुऱ्याची लेक. मोहर्लीकडं गुणवंतराव नावाच्या माणसाचं पाहुण्याईच्या राहण्या-जेवणाचं ठिकाण हाय. मोठ्या शहरातले लोक तिथी मोटरसायकली घेऊन येतात अन् रांगेनं जंगलाकाठचे रस्ते फिरतात. या रांगेच्या समोर आपला एक माणूस ठेवा लागते. रानगवे कोणत्या वळणावर रस्ता ओलांडतात, नाल्यावरचा रपटा, तो बुटका पूल, कुठी खचला, कुठी हॉर्न दाबाचा नाई, हे त्याले ठाऊक पाहिजे. तो समोरचा माणूस म्हणजे रंजीता. तिची गाडीबी तशीच दमाची. जुनी, वजनदार, दोन सिलेंडरची, लांबच्या प्रवासाले केलेली. नागपूरच्या एका डॉक्टराची होती ती. त्याचे गुडघे गेले तेव्हा त्यानं ती हिलेच देल्ली, काऊन का दर साली त्याले जंगलाचा रस्ता हिनंच दाखवला होता.

यंदा पोळा झाला, धान कापणीले आलं, अन् गाडीले खूळ लागलं. हात एका जागी धरला तरी रेस आपोआप वाढे, गाडी ओढ घे. मग आपोआपच मरगळे, अन् घडीभरानं पुन्हा उसळी. मोकळ्या डांबरी रस्त्यावर एवढं जाणवे नाई. पण जंगलात हळू चालवा लागते, अन् नेमकी हळू चालवतानाच तिची ही नाटकं.

एक दिवस रस्त्याच्या कडेले चितळं उभी होती. रंजीतानं वेग कमी केला, मांगच्याईनंबी केला. तेवढ्यात गाडीनं उसळी घेतली, हिनं ब्रेक दाबला, अन् मांगचा पाहुणा गडबडून आडवा झाला. कोपर खरचटलं, बाकी काई नाई. पण वापस आल्यावर गुणवंतरावानं स्वैपाकी, जीपवाले, झाडझूडवाल्या बाया, सगळ्याईच्या देखत सांगतलं, "रंजीताबाई, तुमचा हात स्थिर नाई. बाईमाणसाचं मनगट हे. आता समोर प्रणित चालवंल. तुमी जीपमधी बसा अन् चहा-नाश्त्याचं पाहा."

प्रणित म्हणजे त्याचा भाचा.

मनगट म्हणे! याच मनगटानं ही पोट्टी लहानपणापासून गुडघाभर चिखलात रोवणा करत आली. धानाची ओळ अशी सरळ लावते का बांधावरून पाहणाऱ्यानं सूत धरून पाहावं. तेव्हा कोनाले हात थरथरताना दिसला नाई. डोक्यावर भाऱ्यावर भारे वाहिले, तेव्हा कोनी मनगट तपासलं नाई. समोर बसून दहा मर्दाले मांगं चालवाले लागली, तर लगेच हाताची परीक्षा!

रंजीता मूलले मुखरूभाऊकडं गेली. मुखरू मेकॅनिक वाईट नाई, पण त्याची एक आदत हाय. गाडी कोणतीबी असो, रोग कोणताबी असो, तो कार्बोरेटर खोलते. पेट्रोल अन् हवा जिथी मिळते ते भांडं. त्यानं ते धुतलं, प्लग बदलले, टाकीतलं पेट्रोल काढून नवीन भरलं. गाडी तशीच. पुन्हा खोलून पुन्हा धुतलं. गाडी तशीच. मग तो फडक्याले हात पुसत म्हणाला, "गाडी ओके हाय, बाई. आता हाताचं पाहा."

मूलचा बाजार कसा हाय ते ठाऊक हाय तुमाले. चारच दिवसांत टपरीवर सुरू. "काऊन वो रंजीता, आज रेस कोनाची वाढली?" दुसरा म्हणे, "गाडीले सांग ना हळू चाल म्हणून, बायकोवानी आयकंल."

त्याच्यापेक्षा वरताण पुढं झालं. गुणवंतराव म्हणाले, प्रणितले एक चक्कर मारू द्या त्या गाडीवर, म्हणजे समजंल. प्रणित गेला, वापस आला, उतरल्या उतरल्या म्हणाला, "मामा, गाडी झटके मारून राह्यली. हिनं चालवू चालवू बिघडवली."

पाहा आता! ही बसली तर दोष हाताचा, तो बसला तर दोष गाडीचा, अन् गाडीचा दोष पुन्हा हिचाच. अन् एवढं आयकून तिथला एकबी माणूस हासला नाई, तोंडं खाली घालून उभे.

रंजीतानं प्रणितच्या हातून किल्ली ओढली. गाडी घेतली अन् सरळ मुखरूच्या दुकानासमोर आणून स्टँडवर चढवली. न्यूट्रलमधी इंजिन चालू केलं. मग दोन्ही हात काढले, चार पावलं मांगं सरली अन् हाताची घडी घालून उभी राह्यली. इंजिन आपल्या मनानं वर चढलं, खाली पडलं, पुन्हा चढलं.

"मुखरूभाऊ," ती म्हणाली, "आता कोनाचा हात हाय यावर?"

दुकानात ट्रकवाले होते, चहावाला होता. सगळे मुखरूकडं पाहू लागले. मुखरूनं पाना उचलला, अन् आदतीनं कार्बोरेटरकडं हात नेला.

"ते नको खोलू. आयक पयले," रंजीता ओरडली.

मुखरू वाकला. कार्बोरेटर अन् इंजिनाच्या मधात हाताच्या मुठीएवढं रबर असते, दोन सिलेंडरची दोन. तिथून बारीक सूं आवाज येत होता. मुखरूनं पाण्यात फडकं बुडवलं अन् एका रबराले गुंडाळलं. काई फरक नाई. दुसऱ्याले गुंडाळलं, अन् इंजिन शहाण्यासारखं एका सुरात चालू लागलं. फडकं काढलं का पुन्हा वर-खाली.

"हवा घेऊन राह्यली हे," मुखरू म्हणाला. "रबर फाटलं. पेट्रोल मोजून येते अन् हवा चोरून घुसते, म्हणून रेस ठरत नाई." आवाज त्याचा खाली गेला होता. "मी वरूनच पाहत राह्यलो, बाई."

रबर काढलं तर ते फुगलेलं, लिबलिबीत, अन् खालच्या अंगानं चिरलेलं. दुसरंबी त्याच वाटेवर होतं. अन् चिरेत पिवळं काईतरी बसलेलं. रंजीतानं नखानं खरवडून हुंगलं. हळद!

घरी येऊन तिनं बापाले धरलं. "बा, गाडीच्या रबराले हळद कोनं लावली?"

"मी," नानाजी म्हणाला, तोबी छाती काढून. "खांद शेकली तिची. दर पोळ्याले शेकतो."

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तेलानं चोळून शेकतात, सालभर जू वाह्यलेलं असते म्हणून. नानाजीच्या घरची जोडी गेली, शेतात भाड्याचा ट्रॅक्टर आला, अन् गोठ्यात रंजीताची गाडी उभी राहू लागली. घराचा गाडा जे ओढते त्याची खांद शेकाची, एवढं म्हाताऱ्याले ठाऊक. टाकीखाली दोन मऊ, फुगीर जोड दिसले. तेच खांदे समजला. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट केलं, हळद घातली, अन् पळसाच्या पानानं चोळू चोळू मुरवलं. रबर दर साली तेल पेत गेलं.

"लोक माह्या हाताले नावं ठेवून राह्यले, अन् हात तुहा!"

"जल्मभर बैलाचे खांदे चोळले," नानाजी खवळला, "एकबी बैल चिरला नाई. रबरच कच्चं होतं."

रंजीताची माय सुगंधाबाई चुलीपासून बोलली, "मी म्हनलं होतं त्याईले, शिंगं कुठी हायेत तिले? तर म्हणे, आरसे हायेत ना!"

मले म्हाताऱ्याचाबी राग आला. लेकीले विचाराले तोंड नव्हतं का? पण त्यानं निदान हात लावला होता. बाकीच्याईनं तर न पाहता निकाल देल्ला.

नागपूरवरून नवीन रबरं आली, मुखरूनं बसवली. गाडी कशी एका लयीत. रंजीता मोहर्लीले गेली. नव्या पाहुण्याईची रांग निघाच्या तयारीत होती. गुणवंतरावानं गाडीचा आवाज आयकला अन् म्हणाले, "बरं झालं. आता प्रणितले सोपी जाईल."

"गाडी माही हाय, भाऊ."

"मग तुमी मांगून या."

म्हणजे दोष निघून गेला तरी शिक्षा कायम! पण प्रणितच मधात बोलला. "मामा, मले त्या खचलेल्या रपट्याचं काई समजत नाई. मी नाई जात समोर."

गुणवंतराव घुटमळले. पाहुण्याईनं हेल्मेट घातले होते. शेवटी ते टाळी वाजवून म्हणाले, "गाडीत थोडा प्रॉब्लेम होता, तो आम्ही दुरुस्त करून घेतला. आता रंजीताबाई समोर राहतील."

आम्ही! रबर कोणतं ते तरी ठाऊक होतं का याईले?

रंजीतानं चालू गाडी बंद केली.

"भाऊ, हाताचं सांगा."

"कोणत्या हाताचं?"

"माह्या. स्वैपाकी इथी हाय, जीपवाले इथी हायेत, बाया इथी हायेत. ज्याईच्या देखत बोलले, त्याईच्याच देखत."

गुणवंतरावानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. कोनी मदतीले आलं नाई. "रंजीताबाईच्या हातात दोष नव्हता," ते पुटपुटले.

"मोठ्यानं. मांगच्या गाडीले आयकू नाई गेलं."

त्याईनं मोठ्यानं सांगतलं. स्वैपाकघराच्या दारातली बाई तोंडाले पदर लावून हासली. रंजीतानं बटन दाबलं अन् गाडी फाटकाबाहेर काढली. गुणवंतराव नाश्त्याच्या वेळेचं काईतरी सांगतच होते, पण ती थांबली नाई, अन् पाहुण्याईले घाईघाईनं तिच्या मांगं जा लागलं.