काजळ लावलेला ट्रक

माझी काजळाची डबी भराभर संपायला लागली तेव्हा आधी मला वाटलं, उंदीर खातायत की काय. मग एका रविवारी दुपारी स्वयंपाकघरातून डोकावले तर आमचे हे जमिनीवर पालथे पडलेले, जीभ दातांत धरलेली, आणि काडीला कापूस गुंडाळून माझं काजळ एका खेळण्यातल्या ट्रकच्या सायलेन्सरला लावत होते.

"धूर मारतो ना गाडीला," मला बघून म्हणाले. "सायलेन्सर स्वच्छ कसा असेल?"

मी आधी जाऊन दार लावलं.

हे तेव्हा कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. उसानं भरलेल्या गाड्या जिथं वजनाला उभ्या करतात तो काटा. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हंगामातली गोष्ट. दिवसभर बैलगाड्या आणि ट्रक बघून माणसाला घरी आल्यावर निदान ट्रकचा तरी कंटाळा यावा की नाही? ह्यांना यायचा नाही. ह्यांचा एक मावसभाऊ बोटीवर नोकरीला होता. त्यानं परदेशातून येताना एक खोकं आणून दिलं. आत प्लॅस्टिकचे शेकडो तुकडे, ते चिकटवून ट्रक करायचा. आठ दिवसांत ह्यांनी तो केला. चकचकीत निळा, लांबलचक नाकाचा, मागे भलीमोठी बंद पेटी. मला तो आवडला होता, कपाटात छान दिसला असता. हे मात्र तोंड वाकडं करून बसले.

"असला ट्रक आपल्याकडं कधी आलाय का काट्यावर?" म्हणाले. "स्टीअरिंगसुद्धा डाव्या बाजूला."

आणि तो सगळा मोडला. हे मला अजून पटलेलं नाही. नाक कापून आखूड केलं, स्टीअरिंग काढून उजवीकडं बसवलं, पेटी फेकून दिली. किराणा दुकानातून चहाचं रिकामं खोकं आणून त्याच्या पातळ फळीचा हौदा केला, त्याला मागे उघडझाप होणारा फाळका. चाकामागे सायकलच्या ट्यूबचे तुकडे लोंबकळत सोडले. जुन्या छत्रीची ताडपत्री झाली, खराट्याच्या काड्यांचा ऊस झाला. निळा रंग घासून घासून उडवला आणि विटेची भुकटी डिंकात कालवून गंज चढवला. कारखान्याच्या आवारातली माती रुमालात बांधून आणली आणि माझ्या चहाच्या गाळणीनं चाळून चाकांवर भुरभुरली. समोरच्या बंपरला लिंबू-मिरची हवी होती, तर साबुदाण्याचा एक दाणा हळदीत बुडवून त्याचं लिंबू केलं आणि खाली हिरव्या दोऱ्याच्या मिरच्या. चांगली वस्तू घेऊन ती जुनी, मळकी आणि ठोकलेली करायची, याला कोणी छंद म्हणतं का? ट्रक ह्यांचा, पसारा ह्यांचा, आणि लाज तेवढी माझी.

लाज म्हणजे किती! आमच्या कॉलनीतले बाकीचे पुरुष संध्याकाळी पत्ते खेळायचे, भजनाला बसायचे, एकदोघं प्यायचेसुद्धा. त्यांच्या बायका निदान सांगू तरी शकत होत्या. मी काय सांगणार? तिशीतला नवरा जमिनीवर पालथा पडून तोंडानं गिअर बदलल्याचा आवाज काढतो? कडी वाजली की मी आधी ट्रक पलंगाखाली सरकवायची, मग दार उघडायची. हे हसायचे. त्यांना कसलीच लाज नव्हती, त्यामुळं त्यांच्या वाटणीचीही मलाच वाटायची.

आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

एका दुपारी समोरच्या क्वार्टरमधल्या काकू विरजण मागायला आल्या. स्वभावानं चांगल्या, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. नेमकं त्या दिवशी दार उघडं होतं आणि रंग वाळायला म्हणून ट्रक उंबऱ्याशी उन्हात ठेवलेला. काकूंनी खाली वाकून बघितलं. फाळका उघडून बघितला.

"अगंबाई, किती गोड! कुणासाठी गं?"

कुणासाठी! माझे कान गरम झाले. नवऱ्यासाठी, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? मी मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी राहिले.

"लाजली!" काकू ओरडल्याच. "अगं, कशी लाजली बघा!" आणि मग माझ्या गालावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिसरा सरेपर्यंत कुणाला सांगू नकोस. आणि खेळणी अशी आधी करू नयेत गं. आत ठेव ते."

विरजण न घेताच गेल्या. मी तिथंच उभी. आपल्या भाषेत एवढे शब्द आहेत, पण नवऱ्याची लाज वाटली काय आणि दिवस गेलेली बाई लाजली काय, दोन्हीला एकच शब्द. काकूंनी त्यातला त्यांना हवा तो घेतला.

तेव्हाच हाक मारायला हवी होती. "काकू, तसं काही नाही," एवढंच. पण मग पुढचा प्रश्न आला असता, मग ट्रक कुणाचा? म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंकडून वाटीभर चिंच आली, गूळ घातलेली. नळावर गेले तर बायकांनी माझ्या हातातली घागर काढून घेतली. "तू नको उचलूस," म्हणाल्या. चार वर्षं त्याच बायका माझ्या पोटाकडं बघून मग तोंडाकडं बघायच्या. आता एकीनं मला बसायला दगड पुसून दिला. आणि मी बसले. चिंचही खाल्ली. ती फार चांगली लागली, हे लिहितानाही मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

ह्यांना मी एका शब्दानं बोलले नाही. ते सायलेन्सरला काजळ लावत राहिले आणि मी दार लावत राहिले.

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. काकूंचे दीर बैल बघायला घोडेगावच्या बाजाराला गेले. आमचं गाव तिथून जवळच. बाजारात त्यांना माझे सासरे भेटले, आणि त्यांनी सासऱ्यांचं अभिनंदन केलं. झालं. पुढच्याच आठवड्यात सासूबाई दुपारच्या एस.टी.नं आल्या, डोक्यावर बोचकं घेऊन. उन्हातून चालत आल्या होत्या, तरी ओट्यावर पाय ठेवायच्या आधी त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

पाणी पिऊन होईपर्यंत काकू आल्या, शेजारच्या आणखी दोघी आल्या, ओटा भरला. सासूबाईंनी बोचकं सोडलं. वर डिंक, खारका. खाली एक दुपटं. त्यांच्या स्वतःच्या जुन्या लुगड्यांचं, कडेला लाल काठ, टाके एकाला एक लागून. ते काही आठ दिवसांत शिवून होणारं नव्हतं. केव्हाचं शिवून ठेवलं होतं देव जाणे.

"कितवा चाललाय, बाय?" त्यांनी विचारलं.

माझी मान खाली.

"लाजतीया," सासूबाई हसून बायकांना म्हणाल्या. "लई लाजाळू हाय आमची सून."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. तेवढ्यात पाळी संपवून हे आले. सायकल भिंतीला लावली, आईला बघून खूश झाले, मग ते दुपटं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. चार वर्षांत त्या माणसानं माझ्याकडं इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता विचारतील, हे काय? आणि मला सगळ्यांसमोर सांगावं लागेल.

ते आत गेले. पलंगाखालचा ट्रक काढला आणि आणून ओट्यावर, सगळ्या बायकांच्या मधोमध ठेवला.

"आई," म्हणाले, "बाळबीळ कुनी यायचं न्हाई. ही गाडी बघून समद्यास्नी तसं वाटलं आसंल. पर गाडी माजी हाय. मीच केली, मीच खेळतो."

घरी ते माझ्याशी शहरी बोलायचे, पण आईशी बोलताना गावचंच बोलायचे. त्या दिवशी ते बोलणं सगळ्या ओट्यानं ऐकलं. एकीनं पदर तोंडाला लावला. काकू म्हणाल्या, "म्हणजे... तुम्ही स्वतः?"

"व्हय," हे म्हणाले, आणि खाली बसून फाळका उघडून दाखवला. स्टीअरिंग बोटानं फिरवलं, पुढची चाकं वळली. "हिला लाज वाटती माजी. म्हनून बोलली नसंल." ट्रक पुढं ढकलून तोंडानं आवाजसुद्धा काढला. पहिला गिअर, दुसरा गिअर. काट्यावर भल्याभल्या गाडीवाल्यांना दम देणारा माणूस, चार बायकांसमोर गुडघ्यांवर रांगत ट्रक चालवत होता. कानाच्या पाळ्या लालभडक झालेल्या. म्हणजे लाज ह्यांनाही वाटत होती तर! मला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग सासूबाई सुरू झाल्या. देवा, काय झापलं त्यांनी ह्यांना! घोडा झालास तरी अक्कल न्हाई, बाप तिकडं रानात मरतोय, आन् तू हितं गाड्या खेळतोस, लोक काय म्हनत्याल, तुला काय जनाची न्हाई मनाची तरी. आवाज एवढा की पलीकडच्या आळीतून दोघं बघायला आले. बराच वेळ त्या बोलत होत्या, आणि बायका त्यांच्याकडं आणि ह्यांच्याकडं बघत होत्या. माझ्याकडं बघायला कुणाला सवडच मिळाली नाही. शेवटी काकूंनाच ह्यांची दया आली. "जाऊ द्या हो, पुरुषाला एखादा नाद असतोच," म्हणत त्या बायकांना घेऊन गेल्या.

ओटा रिकामा झाल्यावर सासूबाई एकदम गप्प झाल्या. जवळ येऊन त्यांनी ट्रकच्या बंपरला बोट लावलं.

"ह्ये लिंबू कशाचं रं?"

"साबुदान्याचं."

"आन् मिरची?"

"हिचा दोरा."

त्यांनी मान हलवली. मला म्हणाल्या, "चल बाय, भाकरी टाकू." चुलीपुढं आम्ही दोघी बसलो तेव्हा मी रडले. भाकऱ्या सगळ्या त्यांनीच केल्या.

सकाळच्या गाडीनं त्या परत गेल्या. एस.टी. स्टँडवर त्यांना सोडून हे तसेच कामावर गेले, मी एकटी घरी आले. आतल्या खोलीत ट्रक पलंगाखाली नव्हता, कपाटावर होता. त्याच्यावर ते लाल काठाचं दुपटं घातलेलं. चारही बाजूंनी नीट खोचलेलं. गाडीत बसताना त्या मला सहज म्हणाल्या होत्या, "धूळ बसती गं. झाकून ठिवत जा." मला वाटलं, पिठाच्या डब्याबद्दल बोलतायत.

काट्यावर गोष्ट पोचायची ती पोचलीच. गाडीवाले वजन करताना म्हणायचे, "साहेब, आमच्या गाडीची पण एक धाकटी करा." ह्यांनी पुढं आणखी काही केल्या. काजळ मी स्वतः आणून द्यायची, पण दार लावायची सवय काही लवकर गेली नाही.

मूल आम्हाला झालं नाही. सासूबाई गेल्या, हेही गेले. बाकीच्या गाड्या कुणाकुणाच्या मुलांना देऊन टाकल्या. हा पहिला तेवढा ठेवला. दुपटं वर्षातून एकदा धुते, टाके अजून एकही उसवलेला नाही.

परवा शेजारची नवी सून विरजण मागायला आली होती. कपाटाकडं बघून म्हणाली, "मावशी, त्या दुपट्याखाली काय आहे?"

इतक्या वर्षांनीही माझे कान गरम झाले.

"ट्रक," मी म्हटलं.

"कुणाचा?"

"आमचा," म्हटलं, आणि दुपटं काढून तिला दाखवला.