झाडानं स्वतःचं विचारू नये

आई-वडील सोडले तर माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार पारबता मावशीचे आहेत. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात तिला कोणी नावानं ओळखत नसे. सगळे तिला ‘झाड’ म्हणत. जिच्या अंगात देवी येते तिला आमच्याकडे झाड म्हणतात. मंगळवारी तिच्या ओट्यासमोर नारळ घेऊन रांग लागे. तीच माणसं बुधवारी, निंदणाला उशिरा आली म्हणून तिला वावरातून हाकलून देत. ती म्हणे, “काल पायावर डोकं, आज डोक्यावर पाय. देवीचं काय जाते? थे तं मंगळवारीच येते.”

माझी धाकटी बहीण सुमी दहा वर्षांची असताना तापानं पडली. अंग हळदीसारखं पिवळं झालं. गावातल्या बुवानं अंगारा दिला आणि बापाला बजावलं, पाच दिवस रोग्यानं गावची शीव ओलांडायची नाही. आई देवापुढे बसली होती, पाणीसुद्धा घेत नव्हती. तिसऱ्या दिवशी सुमी आम्हाला ओळखेना. मंगळवार नव्हता, तरी मावशी केस मोकळे सोडून घुमत आमच्या दारात आली.

“पोट्टीले यवतमाळच्या दवाखान्यात ने. तेथीही बसून हावो मी.”

बाप हात जोडून म्हणाला, “पण माय, शीव?”

“शीव कोनाची? माही का बुवाची?”

बापानं सुमीला पाठीवर घेतलं आणि एसटी गाठली. दवाखान्यातले डॉक्टर त्याच्यावर फार ओरडले. आणखी एक दिवस गेला असता तर त्यांच्या हातात काही राहिलं नसतं. सुमीला आज दोन मुलं आहेत.

पुढे मी मावशीला एकदा विचारलं, “खरंच देवी आलती?” ती तुरीच्या शेंगा सोलत होती. “कधी येते, कधी आना लागते,” ती म्हणाली. “तुह्या बापानं पारबताचं आयकलं असतं काय?”

माझ्या कॉलेजसाठीही तिनं एकदा देवी आणली. आदल्या दिवशी मला गाठून म्हणाली, “कायले जाचं हाये तुले? नीट सांगून ठेव गा, देवीनं चुकू नाही.” मी बी.ए. सांगितलं. दुसऱ्या दिवशी देवीनं बापाला बी.ए.ची आज्ञा दिली. देवीला बी.ए. कसं ठाऊक, हा प्रश्न बापाला पडला नाही. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं.

मी पांढरकवड्याला एका कार्यालयात लागलो, त्याच वर्षी मावशीच्या छातीत गाठ झाली. गाठ फुटली, वास येऊ लागला. मुलगा गजानन म्हणे, “जिच्या अंगात देवी, तिले दवाखाना कायले? गावात हसं होईन.” आणि एक नियम होता, तिला अडकवणारा. झाडानं स्वतःच्या घरचं विचारायचं नाही. विचारलं तर देवी झाड सोडते.

एका मंगळवारी तिनं नियम मोडला. घुमता घुमता म्हणाली, “या झाडाले यवतमाळले न्या.” लोक एकमेकांकडे पाहू लागले. गजाननानं पेटता कापूर आणून तिच्या तळहातावर ठेवला. खऱ्या देवीला चटका बसत नाही म्हणतात. इतक्या वर्षांत कोणी तिची ही परीक्षा घेतली नव्हती. मावशीनं हात झटकला.

“पाहा,” गजानन म्हणाला, “देवी नाही, माही मायच बोलून राह्यली.” बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नारळ घेऊन लोक घरी गेले.

मग तिनं माझ्या आईकडून मला निरोप पाठवला. ‘गावात ये अन् सांग, देवी तुह्या सपनात आलती अन् मले दवाखान्यात न्या म्हने. शिकलेल्याच्या सपनातली देवी लोकायले खरी वाटन.’

मी तेव्हा कार्यालयात अंधश्रद्धेवर भाषणं करत असे. चारचौघांत उभं राहून स्वप्न सांगायची मला लाज वाटली. स्वप्न न सांगताही, ऑटो घेऊन जाऊन तिला उचलून नेता आलं असतं. ते सुचलं नाही, असं मी बरेच दिवस सांगत आलो. सुचलं होतं. गजाननाशी भांडण नको होतं. फोनवर बोलायला तोंड नव्हतं, म्हणून पत्र पाठवलं. प्रार्थना मात्र मी रोज करत होतो, अगदी मनापासून.

पत्र सुनेनं ओट्यावर सगळ्यांसमोर वाचलं. गजानन म्हणाला, “आयका! बी.ए. झालेलं पोट्टंही हेच सांगून राह्यलं.” त्यानंतर दवाखान्याचा विषय कोणी काढला नाही. मावशीनं एवढंच विचारलं, “अक्षर चांगलं हाये काय त्याचं?”

दिवाळीच्या आधीच ती गेली. शेवटी वासामुळे तिची खाट गोठ्यात टाकली होती. ती गेल्यावर मी घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा गजाननानं देवीच्या कोनाड्यातून ते पत्र काढून मला दिलं. त्याला कुंकू लागलं होतं.

ती. पारबता मावशीस शि. सा. न.

तुझ्या दुखण्याचं ऐकून फार वाईट वाटलं. पण तू घाबरू नकोस. जन्मभर तू देवीची सेवा केलीस, ती तुला अंतर देणार नाही. श्रद्धा ठेव. मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतो. कामामुळे सध्या येणं जमत नाही, दिवाळीला नक्की येतो.

तुझा,
विठ्ठल, बी.ए.

ता. क. सुमीला मुलगा झाला. सगळी देवीची कृपा.