नाखव्याची झिजलेली पट्टी

मला मत्स्यखात्यात नोकरी लागली तेव्हा आमच्या जोगेश्वरीच्या चाळीत पेढे वाटले गेले, आणि आता घरात मासळी फुकट येणार असं आईने सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. प्रत्यक्षात मला मिळालं एक पत्र्याचं टेबल, छापील अर्जांचा गठ्ठा आणि एक स्टीलची मोजपट्टी. मासेमारीचा कायदा तेव्हा नवाकोरा होता. पावसाळ्यात इंजिनाच्या होड्या समुद्रात न्यायच्या नाहीत आणि जाळ्याचा आस ठरलेल्या मापापेक्षा बारीक ठेवायचा नाही, हे कोळीवाड्यात जाऊन समजावण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. आस म्हणजे जाळ्याचं भोक. ते बारीक असलं की माशांची पिल्लंही त्यातून सुटत नाहीत. एवढंच मला माहीत होतं, आणि तेही परीक्षेपुरतं.

अंधेरी स्टेशनबाहेरून बस पकडायची, शेवटच्या थांब्याला उतरायचं आणि सुकटीच्या वासामागून चालत राहायचं, की कोळीवाडा येई. पहिल्या सभेत मी पाठ केलेलं धडाधड म्हणून दाखवलं. पुढे बसलेल्या एकाने विचारलं, "सायेब, तुना पोहता येतं काय?"

मला येत नव्हतं. सगळी सभा हसली. माझी चांगलीच वाट लागली होती, तेवढ्यात मागून एक म्हातारा उठला. अंगाने काटकुळा, डोक्यावर लाल टोपी. तो एका होडीचा मालक, म्हणजे नाखवा होता.

"पोर बोलतंय ते खरं हाय," तो म्हणाला. "माज्या बापाच्या जाल्यात तलहाताएवरा पापलेट आला तर तो पान्यात सोरायचा. आता तोच आपुन टोपलीत भरून बाजारात नेताव. लाज नाय वाटत?"

"सरकारचा जावई!" कुणीतरी ओरडलं, आणि म्हाताऱ्याला ते नाव कायमचं चिकटलं. त्याला त्याची पर्वा नव्हती. मला मात्र होती, कारण अख्ख्या कोळीवाड्यात माझ्या बाजूने बोलणारा तो एकटाच माणूस होता.

त्या पावसाळ्यात मी कामाच्या नावाखाली त्याच्या ओटीवर जाऊन बसायचो. होड्या किनाऱ्यावर नारळाच्या झापांखाली झाकलेल्या असायच्या आणि घरोघरी जाळ्यांची कामं चालायची. नाखवीण मला पाहिलं की सुरू व्हायची. "दोन म्हयने समुद्र बंद केलास, आनि आता जेवाया आलास?" असं म्हणत ती सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी पुढे सरकवायची. मी निर्लज्जपणे खायचो. घरच्यापेक्षा मला तिथली भाकरी आवडायची, हे आईला मी कधी सांगितलं नाही.

बाजारात यंत्रावर विणलेली जाळी मिळत होती. पण जाळ्याचं शेपूट, म्हणजे मासळी जिथे येऊन साठते ती पिशवी, नाखवा अजून हातानेच विणायचा. त्यासाठी त्याच्याकडे बांबूची एक चपटी पट्टी होती, त्याच्या बापाने तासलेली. तिच्याभोवती दोरा फिरवायचा, गाठ मारायची आणि पट्टी पुढे सरकवायची. जेवढी पट्टी रुंद तेवढा आस मोठा. हातात वेगळं माप घेण्याची गरजच नाही. तो विणायला लागला की मी तासभर नुसता बघत बसायचो.

नारळी पौर्णिमेला आठ दिवस उरले तेव्हा तपासणी सुरू झाली. मी मोठ्या हुशारीने ठरवलं की पहिलं जाळं नाखव्याचं तपासायचं. त्याचं बरोबर निघालं की बाकीच्यांची तोंडं आपोआप बंद होतील. अंगणात वीसेक माणसं जमली होती. मी आस ताणून स्टीलची पट्टी लावली. बारीक निघाला. दुसरा घेतला, तोही बारीक. तिसराही बारीकच.

"जाळं दमट आहे," मी खोटंच म्हणालो. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच गेलो. नाखवा चिडलेला होता. "तुजी पट्टी खोटी हाय," तो म्हणाला. मी त्याची बांबूची पट्टी मागून घेतली आणि मोजली. दोन्ही टोकांना ती बरोबर मापाची होती. मधे मात्र दोन्ही कडांनी आत गेली होती. बाप आणि लेक मिळून किती वर्षं त्याच जागेवरून दोरा ओढत आले असतील! रोज किंचित झिजली, आणि रोज हातात असलेली वस्तू कोण कशाला मोजायला जातो? नाखव्याने कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग खाली बसला.

मला त्याचा चेहरा बघवेना. लोकांना पिल्लं सोडा म्हणून सांगणाऱ्या माणसाच्याच जाळ्यात पिल्लं अडकत होती. हे बाहेर गेलं असतं तर त्याचं हसं झालं असतं, आणि पुढे कुणीही त्याचं ऐकलं नसतं. माझा जीव तुटला. मी हळूच म्हणालो, "नाखवा, मी 'तपासलं, ठीक' असं लिहून टाकतो. पुढच्या वर्षी नवीन विणा."

तो असा भडकला की नाखवीण चुलीपासून धावत आली. "मना खराच सरकारचा जावई करतंस काय?"

त्याने स्वतः आळीत फिरून माणसं गोळा केली. सगळ्यांसमोर झिजलेली पट्टी दाखवली, कोयता घेतला आणि पिशवी जाळ्यापासून कापून टाकली. मग मला म्हणाला, "लिव. पयला नाव माजा."

मी त्याच्या नावापुढे 'आस बारीक' असं लिहिलं. अक्षर घाणेरडं आलं. लोक हसले, पोट धरधरून हसले. पण संध्याकाळी मी निघालो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पाच-सहा बायका उभ्या होत्या. प्रत्येकीने पदराखालून आपापल्या घरची पट्टी काढली. कुणाची सासऱ्याची, कुणाची आजेसासऱ्याची. "मोज रं," त्यातली एक म्हणाली, "पन मोठ्यानं बोलू नको." चार झिजलेल्या निघाल्या. मी मोठ्याने बोललो नाही.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिले गेले, होड्या सजून बाहेर पडल्या. नाखव्याची होडी मात्र किनाऱ्यावरच राहिली. नवी पिशवी अर्धीच झाली होती. तो ओटीवर बसून विणत होता, आणि वाजतगाजत चाललेल्या होड्यांकडे त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मला राहवलं नाही, मी शेजारी बसून त्याला विणायच्या सुईत दोरा भरून देऊ लागलो.

त्याच्या हातात नवी पट्टी होती, त्याने स्वतः तासलेली. मी सवयीने मोजली. कायद्याच्या मापापेक्षा चांगलीच रुंद होती.

"नाखवा, जास्त झाली ही. एवढी लागत नाही."

"झिजल ना रं," तो गाठ ओढत म्हणाला. "मी नसन तवा झिजल. तवा मोजाया कोन येल?"

मी मान खाली घालून दोरा भरत राहिलो. नाखवीण भाकरी घेऊन आली, माझ्याकडे निरखून बघत राहिली आणि म्हणाली, "मी कांदा पन कापला नाय, मंग तू कशाला रडतंस?"