सुपडूआप्पांच्या मोटारीचा फॉल्ट

धानोऱ्यात विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करायचं माझं छोटंसं दुकान आहे. कोपऱ्यातल्या खोक्यात जळक्या कॉइली साठतात आणि डोक्यात किस्से. कॉइली भंगारवाला तरी घेऊन जातो, किस्से कोण नेणार? म्हणून सांगून टाकतो.

आधी एक कबूल करतो. बंद मोटार चालू केल्याशिवाय मी शेतातून परत येत नाही, अशी माझी फुशारकी होती. कोरीटच्या सुपडूआप्पांनी ती जवळजवळ पाण्यात घातली होती. पण ते शेवटी.

*

एकदा एका शेतकऱ्याचा फोन आला. "भाऊ, मोटार चालूच व्हत नही!"

मी फोनवरच तपासणी सुरू केली. फ्यूज बघा, बघितला. वायर हलवा, हलवली. लाल बटण दाबून मग हिरवं दाबा, दाबलं. अर्धा तास गेला. शेवटी विचारलं, "लाईट शे ना?"

"लाईट ऱ्हाती तं तुले फोन कसाले करतू?"

*

आमच्याकडे स्टार्टरच्या हिरव्या बटणात कडुलिंबाची काडी खोचून ठेवायची पद्धत आहे. लाईट आली की मोटार आपोआप चालू, माणूस घरी निवांत. मोटार जळते ती याच काडीने. मी सगळ्यांना ओरडून ओरडून थकलो.

एक जण मात्र दुकानात आला तेव्हा चेहरा पाडून आला. मला वाटलं, चला, जळली मोटार, आता तरी शहाणा होईल.

"भाऊ, काडी मोडी गई. कंपनीनी ओरिजनल काडी भेटी का?"

*

दसऱ्याला सगळे अवजारांची पूजा करतात, तशी स्टार्टरचीही करतात. झाकणाला कुंकू, वर झेंडूचं फूल. दुसऱ्या दिवशी एका आजोबांची मोटार मुकी झाली. झाकण उघडलं तर आतल्या पॉइंटांवर हळद, कुंकू, अक्षता, वर गुळाचा खडा आणि खड्याला मुंगळे!

"बाबा, हे आत कोणी केलं?"

"देव मझार शे ना भाऊ, मंग कुंकू बाहेर कसाले लावानं?"

मी ब्रश घेतला. गूळ काढताना आधी हात जोडले.

*

आता सुपडूआप्पा. मिरचीवाले, हट्टी आणि माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी मोबाईलवाला स्टार्टर बसवून घेतला. आप्पांच्या फोनवरून कॉल गेला की बंद मोटार चालू आणि चालू मोटार बंद. पण पहिल्याच आठवड्यात विहिरीत डोकावताना वरच्या खिशातला फोन बुडाला. त्याच नंबरचा नवीन घेतल्यावर आप्पांनी फोन विहिरीवर न न्यायची शपथच घेतली. तेव्हापासून फोन मळ्यातल्या घरी चार्जिंगला आणि आप्पा विहिरीवर, हाताने बटण दाबायला!

यंदा रोपं नुकतीच लागली होती, ऊन कडक, आणि मोटार रोज भर दुपारी बंद पडायला लागली. पाटातलं पाणी अर्ध्या वाफ्यात थांबायचं. मी गेलो, माझ्या डोळ्यांदेखत बंद पडली. मी बटणाला हात लावणार तोच आप्पा म्हणाले, "चाल, पहिले जेवी लेऊत." काकूंच्या हातची गरम भाकरी आणि ठेचा खाल्ला, परत आलो, बटण दाबलं, मोटार सुरू! मी मिशीवर ताव दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रिले बदलला. तिसऱ्या दिवशी कॉइल, चौथ्या दिवशी सगळ्या वायरी. रोज जेवण झालं की मोटार ठणठणीत आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा बंद. आता बदलायला फक्त मीच उरलो होतो.

आप्पा कातावले. "तुन्हाकडथाईन व्हत नसी तं सांग. नंदुरबारना मिस्तरीले बलावस!"

हे फार लागलं मला. नंदुरबारचा मिस्तरी कोरीटमध्ये आला असता, तर धानोऱ्यात माझं तोंड कोणी पाहिलं असतं?

पाचव्या दिवशी पाना आप्पांच्या घरी राहिला म्हणून मी एकटाच आणायला गेलो. काकू चुलीपुढे होत्या. शेवटची भाकरी टोपलीत टाकली, हात पदराला पुसला, चार्जिंगचा फोन उचलला, अंगठ्याने एकदा दाबला आणि परत ठेवला. तिकडे मोटार बंद! पाठोपाठ आप्पांची शिवी.

काकूंनी मला दारात पाहिलं. जराही गडबडल्या नाहीत.

"काय करू भाऊ? हाका मारी मारी मन्हं नरडं सुकनं. भाकर थंडी व्हई जास. मोटार बंद पडनी का कशा धावत येतस, देख!"

मी पाना उचलला आणि विहिरीवर गेलो.

"आप्पा, फॉल्ट सापडला. या मोटारीला दुपारी बाराला अर्धा तास आराम लागतो. तुम्हीच बंद करायची आणि घरी जेवायला जायचं."

त्या दिवसापासून मोटार एकदाही मध्येच बंद पडली नाही. मिरची अशी तरारली की आप्पा गावभर माझं नाव घेत फिरले. माझी फुशारकी वाचली.

आठ दिवसांनी कोरीटचा एक शेतकरी स्टार्टर पिशवीत घालून दुकानात आला. मी जोडून पाहिला. एकदम नव्यासारखा चालत होता.

"अहो, याला काय झालंय?"

"काहीच नही. घरवालीनी सांगेल शे, आप्पानी मोटारमझार व्हता तो फॉल्ट हाईमझार बी बसाडी दे!"