कळवतो म्हणू नका

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात आमच्या सासऱ्यांइतका हक्कानं चिडणारा माणूस दुसरा झाला नाही. मांडवगण फराट्याच्या या गृहस्थांना मी रीतीप्रमाणे मामा म्हणत असे. त्यांचा सगळा दावा एका शब्दाशी होता, 'कळवतो'. गावच्या डेअरीत दूध घातलं, की फॅट किती लागलं ते ऐकल्याशिवाय ते जागचे हलत नसत, मागची रांग कितीही बोंबलू दे. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोहे संपवून माझे वडील रिवाजानं "कळवतो" म्हणाले, तर मामा दारात आडवे! "कळवतो म्हंजी? पोरगी हितं, पोरगं हितं. काय आसंल ते तोंडावर सांगा!" वडिलांनी घाबरून होकार दिला. माझं लग्न असं दमदाटीनं जमलं, आणि चांगलं जमलं.

पुढं काही वर्षांनी मामांना रक्ताचा कॅन्सर झाला. पुण्याच्या उपचारांनी तो दबला, पण तपासण्या सुरू राहिल्या. मामा यवतला माझ्याकडे येत आणि आम्ही एसटीनं पुणं गाठत असू. एकदा कमरेच्या हाडातला मगज काढताना डॉक्टरीणबाईंनी थोडा संशोधनासाठी मागितला. मामांना म्हणाल्या, "जनुकं तीच राहतात आप्पा, पण त्यांच्यावर रासायनिक खुणा चढतात आणि काही जनुकं गप्प होतात. त्या खुणांवरून दुखणं उलटणार का, हे आधी ओळखता येतं का ते बघतोय." मामांनी खुशीनं दिला. पुढच्या खेपेला टेबलावर हात ठेवून विचारलं, "मंग बाई, माझ्या खुणा काय म्हंत्यात? उलटंल का न्हाई?"

"त्यांचा अर्थ अजून आम्हालाच पक्का लागलेला नाही. लागला की कळवतो."

झालं! "म्हशीच्या दुधाचं जागेवर सांगत्यात, आन् माझ्याच हाडाचं मला न्हाई? आवो, मी पेरणी करू का नको?" आख्खा दवाखाना गोळा झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि दुखणं उलटलंच. बाईंनी ते सरळ सांगितलं. आता मामा छप्पर उडवणार म्हणून मी दाराकडे सरकलो, पण ते मगज काढायला खाटेवर कुशीवर वळले. "घ्या बाई, तुमच्या संशोधनाला आजबी घ्या. मला काय सांगू नका. पन म्होरं जो यील, त्याला कळवतो म्हणू नका."

मामा गेले. मला त्या खुणांचा अजून संताप येतो. अंगातच बसून होत्या, एकीनं तरी तोंडावर सांगायचं होतं.

वर्षभरानं धाकट्या मेव्हणीला बघायला पाहुणे आले. पोहे खाल्ले, "कळवतो" म्हणाले आणि चपला घालून गेले. दारात आडवं यायला कुणी नव्हतं.