उठलेला हात आणि उधळलेली बैलगाडी

माझा डावा हात सुजला, म्हणून आमच्या घरून आळीभर गूळ वाटला गेला.

गोष्ट प्रकाशाजवळच्या, तापीकाठच्या आमच्या गावातली. सन पन्नासच्या पुढची. माझं लग्न ठरलेलं होतं आणि गावात सरकारी टोचणारे आले. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडून त्यांनी सगळ्यांच्या हाताला बारीक सुई लावली आणि तीन दिवसांनी हात दाखवायला बोलावलं. हे कशासाठी, ते त्यांनी पुस्तकी मराठीत अगदी नीट समजावून सांगितलं. गावाने माना डोलावल्या. (न समजलेल्या गोष्टीला आमचं गाव फार आदराने मान डोलावतं.)

आम्हाला टोचणी एकच ठाऊक, ती देवीची! ती उठली, म्हणजे फोड येऊन हात सुजला, की लागू पडली. नाही उठली तर रडणं फुकट. दोन दिवसांत पाहतो तर शेजारपाजारचे हात कोरे आणि माझ्या हातावर रुपयाएवढी लाल, टणक गाठ! मायला, म्हणजे माझ्या आईला, आनंद मावेना. ती माझं मनगट धरून मला दारोदार फिरवू लागली.

"दखा वं जमनाबाई, मन्ही पोरना हात कसा उठना!"

शेजारच्या जमनाकाकूंनी आपल्या मुलाचा हात उलटासुलटा करून पाहिला. "आमना ते कोराच शे, माय," त्या पडेल आवाजात म्हणाल्या.

जन्मात पहिल्यांदाच मी कशात तरी पहिली आले होते. त्यामुळे मीही पोलक्याची बाही वर सारून, गरज नसताना विहिरीवर दोन खेपा जास्त केल्या.

देवी उठली म्हटल्यावर तिचं सगळं करणंही आलं. मायने दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले. घरात फोडणी बंद, तळण बंद, जेवण गार. बापू, म्हणजे माझे वडील, दोन वेळा गार खिचडी मुकाट्याने जेवले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "हात तिना उठना, मन्हं पोट काब्र बसाडी ऱ्हायनी?" मायने नुसतं पाहिलं. बापू जेवले.

ठरल्या दिवशी आम्ही मिरवणुकीने शाळेत गेलो. टोचणाऱ्या माणसाने गाठीवर पट्टी धरून माप घेतलं. "पॉझिटिव्ह. हिला लस नाही. पुढचे या."

माय खवळली. "काब्र नही? ज्यास्ना हात कोरा त्यास्ले देतस, नि मन्ही पोरना इतला चांगला उठना ते तिलेच नही?"

"आई, ही देवीची टोचणी नव्हे. ही क्षयाची तपासणी आहे. हात उठला म्हणजे क्षयाचे जंतू कधीतरी हिच्या शरीरात शिरलेत. आता लसीचा उपयोग नाही. आजार असेलच असं नाही, पण धुळ्याला नेऊन छातीचा फोटो काढून घ्या."

'क्षय' या शब्दानंतर मायने पुढचं काही ऐकलंच नाही. तिने माझी वर सारलेली बाही घाईघाईने खाली ओढली. वाटलेला गूळ परत मागता येत नाही, एवढंच मला त्या वेळी सुचलं.

आणि नेमकी त्याच दुपारी माझ्या सासरची गाडी आली! होणारे सासू-सासरे साडी-नारळ घेऊन लग्नाची तिथी पक्की करायला आले होते. आमच्या गोंधळात दाराचे डहाळे तसेच होते. सासूबाईंनी ते गाडीतूनच पाहिले.

"घरमा देवी शे! गाडी फिरावा!"

गाडी फिरली. बापू धोतर सावरत मागे धावले. आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, "याही, थांबा! देवी नही शे! पोरले नुस्ता क्षयना जंतू शेतस!"

तोवर गाडी चालीने निघाली होती. हे ऐकल्यावर ती उधळली. साडी-नारळासह धुळीत दिसेनाशी झाली.

मी माजघरात बसून खूप रडले. होणाऱ्या नवऱ्याला मी प्रकाशाच्या जत्रेत एकदाच, तेही पाठमोरं पाहिलं होतं. पण ती पाठ मला फार आवडली होती, आणि ती आता दुसऱ्याच कुणाच्या नशिबी जाणार या विचाराने माझा जीव जायची वेळ आली होती.

मग माझं आजारपण रीतसर सुरू झालं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, खाट पडवीत. कुणी म्हणे शेळीचं दूध, कुणी म्हणे तोरणमाळची हवा. आमच्या घरात कांदासुद्धा लाजत शिरायचा, तिथे बापू टोपीखाली लपवून अंडं घेऊन आले! ते डोक्यावरच फुटलं. शिवाय दिवसभर सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसल्यावर मला खरोखरच खोकला येऊ लागला.

शेवटी बापू मला एसटीने धुळ्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला, उजेडाला धरून पाहिला.

"छाती स्वच्छ आहे. जंतू शिरला, पण शरीराने त्याला कोंडून ठेवलंय. हा आजार नव्हे, आणि हिच्यापासून कुणाला काही होणार नाही. नेहमीसारखं जेवायचं, कामं करायची. पुढे कधी खोकला लांबला, संध्याकाळचा ताप येऊ लागला, वजन उतरलं, तर मात्र लगेच यायचं."

"नि लगीन?" बापूंनी विचारलं.

"खुशाल करा. पण जंतू हिला कुणाकडून तरी मिळाला असेल. घरात कुणाला जुना खोकला आहे का?"

"नही नही, कोनले नही," बापू म्हणाले, आणि लागोपाठ इतके खोकले की डॉक्टर उठून उभे राहिले.

बापूंचा बिडीचा खोकला सबंध गावाला कोंबड्याच्या जागी उपयोगी पडायचा. डॉक्टरांनी त्यांची थुंकी तपासली, त्यांचाही फोटो काढला. निकाल येईपर्यंत ते बाकावर देवाचं नाव घेत बसले होते. मला त्यांची फार दया आली. (ताट वेगळं झालं की कसं वाटतं, ते त्यांना कळावं असंही वाटलं.) पण तेही स्वच्छ निघाले. "बिडी सोडा," एवढंच डॉक्टर म्हणाले. बापूंनी ती एसटी सुटेपर्यंत सोडली.

दोन्ही फोटो एकाच पाकिटात घालून आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी बापू त्यातला एक घेऊन सासरी गेले आणि ओसरीवर उन्हात धरून त्यांनी माझी छाती कशी निर्मळ आहे ते सगळ्यांना दाखवलं. सासऱ्यांनी पाहिला, नवऱ्या मुलाने पाहिला. सासूबाईंनी तर फार वेळ पाहिला आणि खूश होऊन म्हणाल्या, "पोर चांगली रुंद शे! कपाशीना भारा सहज उचली!"

लग्न झालं. मी सासरच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडलं. सासूबाईंनी माझ्या काडीसारख्या खांद्यांकडे पाहिलं आणि पाहुण्यांसमोरच म्हणाल्या, "काय व माय, फोटोमा ते तू डबल व्हती!"

पहिल्या माहेरपणाला आले तेव्हा पाकिटात उरलेला फोटो मी खिडकीशी धरला. अरुंद खांदे, बारीक फासळ्या. मी घरातच राहिले होते! नवऱ्याला हे सांगितलं, तेव्हा तो हसून लोळला. आता आमची नातवंडं मोठी झाली, तरी माझ्या हातचं कालवण बिघडलं की तो ताट सरकवून म्हणतो, "मी ते तुन्हा बापले पसंत करेल व्हतं. तू फुकटमा उनी!"