चोरीची वेल

सबंध बालाघाट जिल्ह्यात माझ्या मामेसासऱ्यांइतका सरळ माणूस सापडायचा नाही, आणि चोरीच्या मालाची इतकी बडदास्त ठेवणाराही दुसरा नाही. जन्मभर कचेरीत नोकरी केली, पण सरकारी टाचणीसुद्धा घरी आणली नाही. घरात चोरीची वस्तू एकच, मनी प्लांटची वेल. ती चोरून आणली तरच लागते, अशी आमच्याकडे भल्याभल्यांची खात्री असते. म्हणून मामींनी नव्या संसारात ती मलाजखंडच्या कुणाच्या तरी व्हरांड्यातून उडवली. गुन्ह्यात मामाजींचा वाटा एवढाच, की ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. "मी काही पाह्यलंच नाई," असं ते अजून शपथेवर सांगतात.

मामी गेल्या आणि वेलीचा कारभार त्यांच्याकडे आला. रोज सकाळी ओल्या फडक्यानं पान न् पान पुसायचं, आधी वरून, मग खालून. वेलीनं बैठकीची भिंत घेतली, मामींच्या फोटोला वळसा घातला, मग छत गाठलं, मग पंखा. तेव्हापासून पंखा बंद. मे महिन्यात कूलरचं तोंडही वेलीकडे. पाहुण्यांना वाऱ्यासाठी पुठ्ठा मिळतो. नागपूरच्या भाच्यानं "थोडी छाटा ना" म्हणून पाहिलं. मामाजी म्हणाले, "मामीचा फोटो बी कातरून लहान करू काय?"

मागे एकदा मीही भाबडेपणानं एक फांदी मागितली होती. "जावईबापू, देल्लेली लागत नाई. चोरा," म्हणत त्यांनी खुर्ची फिरवली आणि खिडकीबाहेर पाहत बसले. थोड्या वेळानं तसेच पाठमोरे म्हणाले, "झाली काय चोरी? मंग चहा घ्या."

गेल्या उन्हाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना लेकीकडे भोपाळला राहावं लागलं. पानं नीट पुसेल असा माणूस गावात दिसेना, म्हणून किल्ली कुणालाच दिली नाही. कुंडीत पाण्याच्या बाटल्या उलट्या खोचून गेले. परत आले तेव्हा वेल मुळापासून वाळली होती. ती त्यांनी काढली नाही. पंखाही लावला नाही.

मग एका सकाळी ते काळा चष्मा लावून आमच्याकडे आले. चहा निवला तरी आमच्या खिडकीवरच्या, त्यांच्याकडूनच चोरलेल्या फांदीच्या वेलीकडे पाहत राहिले. मला राहवलं नाही. फांदी तोडायला मी हात घातला, तर केवढ्यानं ओरडले, "थांबा! तुमी देसान तर लागन काय ते?"

मी खुर्ची फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून बसलो.  मागून खोकल्याचा आवाज आला.

"जावई, चोरी तर तुमच्या मामीनं केलती. मले येत नाई. कुठून तोडू?"

"मूळ फुटलंय ना, त्याच्या जरा खालून, मामाजी."

समोरून ऑटो जात होते, माणसं जात होती. डोळे भरून आल्यामुळे मला त्यातलं काही दिसत नव्हतं. पण फांदी तुटल्याचा आवाज आला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

"झाली काय चोरी?" मी विचारलं. "मग चहा गरम करून आणतो."